स्टार वॉर्सचा द लास्ट जेडाय बघितलात? (स्पॉयलर आहेत, आधीच सांगून ठेवतो)

मांडवीकाठ, पणजी | १७ डिसेंबर २०१७

शुक्रवारी लागला, शनिवारी रात्री बघून आलो. ज्यांचा राहिलाय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका. मंगळवारी मुक्तिदिनाची सुटी आहे, तेवढ्यात उरकून घ्या. पुढच्या शुक्रवारी टायगर जिंदा है येतोय, मग हा कुठल्या तरी सकाळच्या शोला ढकलला जाणार हे लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वी आधीच्या भागाची, फोर्स अवेकन्सची, काय गत झाली होती? जवळपास जगभर १८ डिसेंबरपर्यंत लागून मोकळा, आणि आपल्याकडे दिलवाले नि बाजीराव मस्तानी एकाच दिवशी आल्यामुळे थेट २५ ला. नाताळच्या दिवशी गोव्यातला माणूस थेटरात जाईल की शेजाऱ्याकडे बेबिंका खायला?

असो. मला सिनेमा आवडला. सगळा नाही. १५२ मिनिटांतली वीसेक सहज कापता आली असती, आणि बंडखोरांची सेनापती लेया अंतराळात तरंगत परत येते तिथे मी खुर्चीत खाली सरकलो. पण ज्या गोष्टीवरून नेटवर आगडोंब उसळलाय, नेमकी तीच मला सगळ्यात जास्त पटली. नायिका रेयचे आईबाप कोण? दोन वर्षं लोकांनी या एका प्रश्नाचा कीस पाडला. जुन्या सिनेमांचा नायक ल्यूकची मुलगी काय, त्याच्या गुरूची, ओबीवानची नात काय. उत्तर निघालं ते असं: कोणी नाही. भंगार विकणारी माणसं होती, दारूच्या पैशासाठी पोरीला विकलं आणि मरून गेली. विषय संपला.

आपण विसरतो, पण १९७७ च्या पहिल्या सिनेमात हे कुळाचं वेड नव्हतंच. तेव्हा खलनायक व्हेडर हा ल्यूकच्या बापाचा मारेकरी होता. बाप झाला तो १९८० साली. लेया बहीण निघाली १९८३ ला. आणि १९९९ मध्ये तर मधुमेहाची साखर बघतात तसं रक्त काढून फोर्स, म्हणजे जेडाय योद्ध्यांची ती गूढ शक्ती, मोजायला लागले! एवढी मोठी आकाशगंगा, पण महत्त्वाचं जे काय घडतं ते सगळं एकाच घरात. दिग्दर्शक रायन जॉन्सनने त्या घराची भिंत पाडली. शेवटी तबेल्यातलं ते पोर नुसता हात पुढे करतं आणि झाडू आपणहून हातात येतो. सिनेमा त्याचं नावसुद्धा सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही.

थेटरातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंडखोरांची कप्तान होल्डो एकटी मागे राहून जहाज वळवते आणि प्रकाशवेगाने शत्रूच्या जहाजात घुसवते, तिथे सगळा आवाज बंद होतो. पडदा पांढराफटक, पार्श्वसंगीत नाही, काही नाही. अख्खं थेटर श्वास रोखून. आणि मागच्या रांगेतून, अगदी खणखणीत: "आरे, आवाज खंय गेलो रे?" पाठोपाठ शिट्टी. मग आवाज आला तेव्हा टाळ्या नक्की कोणाला पडल्या, होल्डोला की शिट्टीवाल्याला, ते सांगता येत नाही. अमेरिकेत म्हणे काही थेटरांनी पाटीच लावली, की ही शांतता मुद्दाम आहे, मशीन बिघडलेलं नाही.

तुमचं काय मत?

जुनाखडूस, म्हापसा

मांडवीकाठ, तू वयाने लहान आहेस म्हणून सोडून देतो. आमच्या लहानपणी शेजारचे तारवटी अंकल जहाजावरून घरी आले की पेटीत चॉकलेटं आणि व्हिडिओ कॅसेटी असायच्या. रिटर्न ऑफ द जेडाय मी तसा बघितला, टेपला सुरकुत्या पडलेल्या, वाड्यावरची पंधरा पोरं जमिनीवर बसून. त्यात शेवटी काय होतं? सम्राट सांगतो मार बापाला, आणि ल्यूक हातातली तलवार फेकून देतो. ज्याने लाखो माणसं मारली त्या बापात एक कण चांगला उरलाय, एवढ्या भरवशावर तो जीव पणाला लावतो. आणि तोच माणूस आता झोपलेल्या पोरावर तलवार उपसतो? कोणावर, तर सख्ख्या भाच्यावर, कायलोवर. मामा आहे तो! आमच्या ल्यूकचा यांनी कंसमामा करून टाकला.

हे मी एकटाच म्हणत नाही. खुद्द मार्क हॅमिलनेच सांगितलंय, की ल्यूकबद्दलचे दिग्दर्शकाचे निर्णय त्याला मुळातून पटले नव्हते. ज्याने ते पात्र चाळीस वर्षं वागवलं त्याला पटत नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या?

भाचीबाई

मामा, मी रात्री दाराला कडी घालून झोपणार.

मांडवीकाठ

@भाचीबाई: अभ्यास कर.

@जुनाखडूस: खडूसबाब, ती रात्र सिनेमात तीनदा दाखवलीय. आधी ल्यूक सांगतो ती, मग कायलो सांगतो ती, मग खरी. खऱ्या हकिकतीत तो क्षणभर उपसतो आणि त्याच क्षणी शरमतो. पण तोवर पोराचे डोळे उघडलेले असतात. एकच घटना तीन तोंडांनी सांगायची ही तऱ्हा जपानी दिग्दर्शक कुरोसावाची, आणि स्टार वॉर्सचा जनक लूकसने पहिला सिनेमा रचताना कुरोसावाच्याच १९५८ च्या हिडन फोर्ट्रेसवरून बरंच काही उचललं होतं. तेव्हा जॉन्सन परका माणूस आहे असं काही मला वाटत नाही. ल्यूक घसरला, हे दुखतं हे मान्य. मला पण दुखलं. तो तलवार खांद्यावरून मागे भिरकावतो तेव्हा थेटर हसलं, मला काही हसू आलं नाही.

ताळेबंद, मडगाव

भावना बाजूला ठेवा, हिशेब बघू.

प्रकाशवेगाने जहाज धडकवून एवढं प्रचंड जहाज कापता येतं, तर मग १९७७ मध्ये डेथ स्टारवर, शत्रूच्या त्या अवाढव्य अवकाशतळावर, एक रिकामं मालवाहू जहाज का नाही सोडलं? एवढे वैमानिक कशाला मारले? दुसरं, निर्वातात बॉम्ब "खाली" कसे पडतात? तिसरं, अर्धा सिनेमा पेट्रोल संपत आलं म्हणून हळूहळू पळापळ. ही काय स्पेस फँटसी की पर्वरीच्या पुलावरचा ट्रॅफिक जॅम?

बोगदा, वास्को

वीस वर्षं जहाजावर काढली आहेत म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात करतो. दोन जहाजांचा वेग जवळपास सारखा असला की मधलं अंतर तुटत नाही, तासन्‌तास तोच खेळ चालतो. आणि बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, संपत आला की ब्रिजवर कोणी कोणाशी बोलत नाही. सिनेमात तो ताण मला खरा वाटला. होल्डो आपला बेत वैमानिक पो ला सांगत नाही म्हणून लोक चिडलेत, पण कुठल्या कॅप्टनने आजवर ज्युनियरला सगळं सांगितलंय? आणि तो पो तर नुकताच हुकूम मोडून सगळी बॉम्बर विमानं गमावून पदावरून उतरवलेला.

बॉम्बचं सोपं आहे. जहाजाच्या आत कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे, सगळी माणसं जमिनीवर चालतात ती काय उगाच? आत असताना बॉम्ब खाली सुटले की बाहेर निर्वातात त्यांना अडवणारं काही नाही, ते तसेच पुढे जाणार. तसंही लूकसने १९७७ मधली विमानांची झुंज दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या फिल्मा बघून बेतली होती. तेव्हा अंतराळात इंजिनांचा आवाज चालला, आता बॉम्बांवर कोर्टकचेरी कशाला?

तुमच्या पहिल्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. तो मुद्दा तुमचा.

मिरामार

कॅन्टो बाइटबद्दल कोणीच का बोलत नाही? सगळे म्हणतात तो जुगाराच्या शहरातला भाग नको होता. अहो, आम्ही रोज संध्याकाळी फिरायला निघालो की मांडवीत तेच बघतो ना! झगझगीत दिवे, आत काय चाललंय ते आत जाणाऱ्याला ठाऊक. दर निवडणुकीला भाषणांत ही कॅसिनोची जहाजं नदीतून हलतात आणि निकाल लागला की परत नांगर टाकतात. सिनेमात बंडखोरांचा फिन त्या झगमगाटाला भुलतो आणि त्याची सोबतीण रोझ त्याला म्हणते नीट बघ, की हा पैसा शस्त्रं विकून आलाय. पुढे कळतं की तीच मंडळी दोन्ही बाजूंना माल पुरवतात. स्टार वॉर्समध्ये "युद्धात पैसा कोण करतो" हे इतकं उघड कधी विचारलं होतं? (१९९९ ला व्यापारी संघाचा कर वगैरे होता, पण तो बघताना मला झोप लागली होती.)

बाकी ती घोड्यांसारख्या जनावरांची पळापळ लांबली, हे मान्य. आणि रोझचं काम करणाऱ्या नटीबद्दल नेटवर जे काय लिहिताहेत ते वाचवत नाही. सिनेमा नाही आवडला तर नाही आवडला, तिचा चेहरा मध्ये कुठे आला?

आगरवाडो, पेडणे

मी फक्त शेवटच्या लढाईवर लिहिणार. क्रेट नावाचा तो ग्रह, वर पांढरं मीठ आणि खाली लालभडक माती. आमचं मिठाचं आगर होतं, त्यामुळे मी बाकी सगळं सोडून जमीनच बघत बसलो. एक सैनिक वाकतो, बोट लावून चाटतो आणि सांगतो मीठ आहे. बर्फ समजून लोकांना १९८० चा तो बर्फाचा ग्रह आठवू नये म्हणून केलेली युक्ती असणार, पण माझ्या शेजारी बसलेल्या बाबाला एकदम बरं वाटलं. आगरात काम केलेला माणूस मीठ असंच बघतो, आधी चिमूट जिभेवर. ती दृश्यं बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानावर घेतलीत. आमच्या आगरात खाली काळा चिखल असतो, त्यामुळे मीठ काढताना दांताळं जरा खोल गेलं की पांढऱ्यात मळकट रेघ येते आणि भाव पडतो. तिथे रेघ लाल येते, आणि दिग्दर्शकाने त्याच रेघेवर अख्खा शेवट उभा केलाय.

नीट बघा. कायलो पाय सरकवतो तिथे पांढऱ्यावर लाल ओरखडा उठतो. ल्यूकच्या पायाखाली काही नाही. मीठ जसंच्या तसं. दाढी काळी झालेली, केस कापलेले, आणि हातात ती निळी तलवार, जी थोड्या वेळापूर्वीच रेय आणि कायलोच्या ओढाताणीत दुभंगली होती. सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलंय, आणि तरी तो खरा तिथे नाही हे कळतं तेव्हा आपण कायलोइतकेच गंडतो. माझ्या बाबाला मात्र आधीच कळलं होतं. म्हणाला, हा मिठावर चालतोय की हवेत?

जुनाखडूस

आगरवाडो, हे पावलांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. परत बघावा लागेल. (याचा अर्थ सिनेमा आवडला असा घेऊ नये.)

केरीची सून, फोंडा

उशिरा आले, घरी पाहुणे होते. ल्यूक शिकवायला नकार देतो यावर इतका गहजब का, हे मला कळत नाही. मी गाणं शिकते, त्यामुळे मला तर तो सिनेमातला सगळ्यात ओळखीचा माणूस वाटला. आमच्या गावच्या केसरबाई केरकर. अल्लादियाखाँ साहेबांनी त्यांना शिकवायला किती टाळाटाळ केली आणि मग किती कडक अटी घातल्या, हे गाण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. १९२१ पासून खाँसाहेब जाईपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, तालीम चालली. आणि पुढे स्वतः केसरबाईंनीही जवळजवळ कुणाला शिकवलं नाही. धोंडूताई कुलकर्णी हा मोठा अपवाद. ज्याच्याजवळ खूप असतं त्याला ते चुकीच्या हाती जाईल अशी धास्तीही तेवढीच असते. ल्यूकच्या हातून तर एकदा तसं झालंय. तो रेयला तीन धडे देतो म्हणतो आणि दोनच देतो, यावर मी मोठ्याने हसले. बाजूच्यांना वाटलं बाई वेडी आहे.

आणि मांडवीकाठ यांच्या कुळाच्या मुद्द्याबद्दल. जयपूर-अत्रौली हे खाँसाहेबांचं घराणं, पण त्याचा झेंडा त्यांच्या मुलांइतकाच केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी मिरवला. त्यांचं खाँसाहेबांशी रक्ताचं काय नातं होतं? घराण्यात शिरायला गळा आणि तालीम लागते, बाप लागत नाही.

अवांतर: पहिला स्टार वॉर्स मे १९७७ मध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं सुटली आणि त्यांच्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, "जात कहां हो". सप्टेंबरातच बाई गेल्या. व्हॉयेजर १ तर २०१२ सालीच सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. केरीचा आवाज खरोखरच्या अंतराळात आहे आणि आपण इथे खोट्या अंतराळावर भांडतोय. भांडा, मलाही मजा येतेय.

मांडवीकाठ

ताई, दंडवत. हा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवणार.

गावकार_नव्हे, फोंडा

घराण्याचं ठीक आहे, पण गोव्यात बसून "कुळ महत्त्वाचं नाही" म्हणायला जिगर लागते. कोमुनिदादचा, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा, गावकार व्हायला काय लागतं? जन्म. तोही बापाच्या बाजूने. देवळाचा महाजन? तेच. आमच्या घराने चार पिढ्या त्याच गावात नांगर धरला, वर्षाच्या झोणात, म्हणजे त्या उत्पन्नाच्या वाटपात, आमचा वाटा शून्य. त्यामुळे कायलो रेयला म्हणतो, की या गोष्टीत तुझी जागा नाही, तू कोणीच नाहीस, तेव्हा मी एकटाच थेटरात मुठी वळून बसलो होतो. पुढे तो म्हणतो, माझ्यासाठी मात्र तू कोणीतरी आहेस. भाटकार, म्हणजे जमीनदार, अगदी असंच गोड बोलतो. आणि ती त्याचा हात झिडकारते. पैसे तिथेच वसूल.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, हे फक्त ऋषींपुरतं ठेवलं आपण.

ताळेबंद

आता इथे कोमुनिदाद आणलीत? कोर्टातले दावे पण स्कॅन करून टाका.

गावकार_नव्हे

टाकू का? तीन आहेत.

भाचीबाई

मला पण लिहायचंय, अभ्यास झालाय. आजीबरोबर देवळात गेलं की पहिला प्रश्न, "कोणागेलें गो तूं?" मग आजी आजोबांचं नाव सांगते, मग म्हातारीचा चेहरा खुलतो, मग मला प्रसाद जास्त. रेयला कोणी असं नाव सांगणारं नाही, आणि तरी जेडायची जुनी पुस्तकं तीच घेऊन जाते. झाड जळतं तेव्हा ल्यूकला वाटतं सगळं संपलं, पण त्याचा गुरू योडाला ठाऊक असतं. शेवटी फाल्कन यानाच्या खणात ती पुस्तकं दिसतात ते किती जणांनी बघितलं?

आणि ल्यूकच्या बेटावरचे ते पोर्ग पक्षी! शूटिंग झालं त्या आयरिश बेटावर पफिन पक्षी इतके होते की प्रत्येक शॉटमधून काढत बसण्यापेक्षा त्यांच्यावरच पोर्ग चढवले. मला एक हवाय.

जुनाखडूस

पोरी, छान लिहिलंस. पण तुम्ही सगळे भाबडे आहात. रॉटन टोमॅटोजवर समीक्षक नव्वदीच्या घरात आणि प्रेक्षक पन्नाशीच्या आसपास. हा सिनेमा अधिकृत मालिकेतून काढून टाका म्हणून अर्ज फिरतोय. डिस्नेने २०१२ मध्ये चारशे कोटी डॉलरच्या वर मोजून लूकसफिल्म घेतली, ती काय तत्त्वज्ञान शिकवायला? पुढचा भाग २०१९ च्या डिसेंबरात आणि दिग्दर्शक परत अब्राम्स. लिहून घ्या, तो रेयला कुणाची तरी मुलगी नाहीतर नात काढणार. पैज. एक बाटली फेणी.

मांडवीकाठ

लागली.

जुनाखडूस, म्हापसा | २१ डिसेंबर २०१९

धागा वर काढतोय.

नवा भाग बघितला. रेय निघाली पॅल्पटाइनची नात. सम्राटाची! १९८३ ला खाईत फेकलेला म्हातारा परत आला, तेही कसा, तर सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांत एका ओळीत. त्याने आकाशगंगेला दिलेला संदेश ऐकायचा तर तो म्हणे एका व्हिडिओ गेममध्ये होता. आईबाप कोणी नव्हते याचा खुलासा असा, की त्यांनी मुद्दाम कोणी न राहायचं ठरवलं होतं. मी पैज जिंकलो आणि मला अजिबात आनंद झालेला नाही. आधीच्या भागाला मी नावं ठेवली, पण निदान त्याला काहीतरी म्हणायचं होतं. हा नुसता माफी मागत फिरतो.

मिरामार

रोझला किती वेळ दिलाय बघितलंत? मी पॉपकॉर्न उचलायला वाकले तेवढ्यात संपली. नेटवर ओरडणाऱ्यांना जे हवं होतं ते मिळालं.

गावकार_नव्हे

तबेल्यातल्या पोराचं काय झालं? काही नाही. झोणात वाटा शून्य.

भाचीबाई

मला मात्र तुमच्याइतका राग नाही आला. आजोबा राक्षस निघाले तरी ती त्यांच्यासारखी होत नाही, आणि शेवटी स्वतःचं आडनाव स्वतः निवडते. हे पण धाडसाचंच ना? आपल्याकडे किती जणांना जमतं?

मांडवीकाठ

निवडते, पण निवडून निवडून स्कायवॉकर, ल्यूकचंच आडनाव. तेच घर. ती नुसती "रेय" म्हणाली असती आणि शेवटी तिला नाव विचारणाऱ्या त्या म्हातारीने पुढे काही विचारलं नसतं, तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तरी तुझा मुद्दा आवडला. कॉलेजात जाऊन शहाणी झालीस.

खडूसबाब, बाटली कुठे पोचवू?

जुनाखडूस

शुक्रवारच्या बाजारात ये, केळीवाल्यांच्या बाजूला सकाळी दहाला. काजूची आण. माडाची आणलीस तर परत पाठवीन.